उन्हाळ्यात दोन पॉइंट कमी

माझी इलेक्ट्रिक गाडी भावाशी झालेल्या भांडणातून आली. आई गेल्यावर बाबा नागपुरात माझ्याजवळ राहत होते आणि माझी नोकरी काटोलला. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, घरी पोचायला आठ वाजायचे. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात तिसरं माणूस नाही. एका सप्टेंबरात बाबा न्हाणीत घसरले आणि मी येईपर्यंत दोन तास ओल्या फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही, पण भाऊ पुण्याहून मिळेल त्या गाडीनं आला आणि आल्या आल्या बाबांच्या कपड्यांची बॅग भरायला लागला.

"पुण्यात मले कोण वळखते?" बाबा एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाबांना ओळखणारे सगळे इकडेच. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी सगळी नोकरी साहेब लोकांची जीप चालवण्यात काढली. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पोराला शिकवायचंच असं ठरवलं. बाबा दहावीपर्यंत गेले, पुढं त्यांनी स्टेअरिंग धरलं. आम्हा दोघांना मात्र पदवीपर्यंत नेलं. निवृत्त झाल्यावर कोराडी रोडकडच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, दोन खोल्या बांधल्या, कारण तिथून खापरखेड्याची जुनी माणसं येता-जाता भेटतात. त्यांना पुण्याच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवणं मला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय त्या घरात राहण्याची मला भीती वाटत होती.

भाऊ पुण्याला गेल्यापासून मले-तुले सोडून मला-तुला बोलतो. भांडताना मात्र मूळ पदावर येतो. "संध्याकाळी सहाच्या आत घरी दिसली पाहिजेन," तो बोट नाचवत म्हणाला. "एक दिवस जरी बाबा अंधारात एकटे सापडले, त मी घेऊन जाईन. मंग रडू नको."

मी म्हटलं, येईन. आमच्या घरात शब्द द्यायला वेळ लागत नाही, तो निभावताना नाकी नऊ येतात.

गाडी आली. घरून काटोल आणि परत, तिथली इकडची-तिकडची कामं धरून, एकशेतीस किलोमीटर. काटोलच्या ऑफिसात चार्जिंग होत नाही; इमारत जुनी आणि वायरिंग त्याहून जुनं. म्हणजे सकाळी घरून जेवढी वीज भरून निघायचं तेवढ्यातच परत यायचं. कंपनीनं कागदावर छापलेला आकडा मी पहिल्याच आठवड्यात विसरले, पण गाडी खरीखुरी पावणेदोनशे किलोमीटर जायची. मी पावणेसहाला फाटकात असायचे, समोरच्या पडद्यावर पंचेचाळीस किलोमीटर शिल्लक असायचे आणि बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. तीन महिने असे सुखाचे गेले.

मग मी माती खाल्ली. गाडीची चाकं साध्या पत्र्याची होती, वर प्लास्टिकची झाकणं. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, "एवढी नवीन गाडी आन चाकं टॅक्सीची काहून?" ते मला लागलं. सदर भागातल्या एका दुकानात जाऊन मी अलॉयची मोठी, चमकदार चाकं आणि त्यांवर रुंद टायर बसवून आले. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसतं असं काही नाही, ते नंतर समजतं.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "चाकं मोठी झाली वं. इंजिनाले ओढा लागन."

"बाबा, हिला इंजिन नाही."

"मंग जे असन त्याले ओढा लागन."

जे होतं त्याला ओढावं लागलंच. पहिल्याच दिवशी घरी पोचले तेव्हा पंचेचाळीसऐवजी अठरा उरले होते. मला वाटलं, एसी जास्त लागला असेल. दुसऱ्या दिवशी एसी बंद ठेवून, काच खाली करून, घामानं निथळत आले, तरी बावीस. शुक्रवारी काटोलच्या बाहेर ट्रक उलटला होता, त्याला वळसा घालून यावं लागलं आणि वाटेतल्या धाब्याजवळच्या चार्जरवर थांबावं लागलं. तिथं माझ्या पुढं एक गाडी लागलेली. घरी सात वाजले. बाबा अंधारातच बसले होते, दिवा लावायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. भावाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, कधीचीच आले, स्वयंपाक चालू आहे.

आमच्या ले-आउटच्या तोंडाशी टायरचं दुकान आहे. तिथल्या माणसानं चाकाकडे एक नजर टाकली आणि मला समजावलं. "ताई, हा टायर रस्त्याले चिकटून चालते. ब्रेक मस्त लागन, पण जितका चिकटन तितका जोर लागते पुढं जायाले. आन चाकही वजनदार. पेट्रोलवाल्याले हे समजत नाही, टाकी भरली का झालं. तुमच्या गाडीत समोर आकडाच दिसते, म्हणून तुमाले धडकी भरते."

मी जुनी चाकं परत लावली, आणि त्यांवर बॅटरीच्या गाड्यांसाठी येतात ते अरुंद, कडक टायर. त्यानं हवा भरून दिली, चौतीस पॉइंट. पॉइंट म्हणजे हवेच्या दाबाचं आमच्याकडचं माप. "दर रविवारी पाहून घेत जा," तो म्हणाला. "हवा कमी झाली का टायर बसते, आन बसला टायर बॅटरी खाते." पंचेचाळीस परत आले. चमकदार चाकं मागच्या खोलीत पलंगाखाली गेली आणि ऑफिसातल्या त्या बाईशी मी आठवडाभर बोलले नाही, जणू तिनंच मला हात धरून सदरला नेलं होतं.

हे सगळं फेब्रुवारीत. एप्रिल लागला आणि आकडा पुन्हा घसरायला लागला.

ऊन वाढलं की एसी लागणार, थोडं कमी होणार, हे मला माहीत होतं. पण हे घसरणं वेगळं होतं. एक जुनी डायरी घेऊन मी रोज घरी पोचल्यावर उरलेले किलोमीटर लिहायला लागले. सोमवारी पस्तीस. मंगळवारी एकतीस. बुधवारी सत्तावीस. त्या महिन्यात शनिवारीही काम होतं, आणि शनिवारी उरले बारा. रविवारी हवा भरली, सोमवारी पुन्हा पस्तीस. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्यातही तेच. बारा म्हणजे एक वळसा, रेल्वेचं एक बंद फाटक, आणि भाऊ बॅग घेऊन दारात.

टायरवाल्यानं चारही टायर पाण्यात बुडवून पाहिले. बुडबुडा नाही. गेज लावून पाहिलं तर चारही चाकांत बावीस. "चारही एकसारखे उतरून राहिले," तो म्हणाला. "ताई, पंचर असं ठरवून होत नाही. कोणीतरी हवा काढून राहिलं."

कोण काढणार, हे ठरवायला मला दुकानापासून घरापर्यंतचा वेळही लागला नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून नागपुरात आहे, आणि ते हे आठवड्यातून एकदा तरी सांगतात. माझी चार्जिंगची केबल दोन घरांमधल्या बोळातून जाते, तिच्यावरून त्यांनी दोनदा कुरबूर केली होती. कुरकुर करणारा माणूस, सकाळी पाचला उठणारा, बोळात फेऱ्या मारणारा. मी गाडी लावली आणि तशीच त्यांच्या फाटकाशी गेले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. केबलचा राग हवेवर काढता, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळता, एवढं मात्र म्हटलं. समोरच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "अहो बाई, हवा तुमचे बाबाच काढतात. रोज सकाळी. मला वाटलं, जुने ड्रायव्हर आहेत, त्यांना कळत असेल."

त्यांनी आवाज खाली आणला. "काल मात्र दोनदा काढली. मधे चहा पिऊन आले आणि परत चाकाशी बसले. मी तुम्हाला सांगणारच होतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आई म्हणायची. मी तर चोर घरात जेवू घालत होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. दुश्मन कोणी नाही, बाबांची जुनी सवय आहे, समजावलं की थांबेल. 'दोनदा' हा शब्द माझ्या डोक्यात रात्री शिरला, आणि मग झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा येते असं ऑफिसला कळवलं आणि कूलरच्या मागच्या खिडकीशी उभी राहिले. बाबांची वंदना झाली. खिशात कांदा टाकला. ऊन लागू नये म्हणून उन्हाळ्यात ते कांद्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. ओट्यावरून उतरले, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, व्हॉल्व्हची टोपी काढली, काडीनं आतली पिन दाबली आणि ओठ हलवत चार मोजले. टोपी लावली. दुसरं चाक, तिसरं, चौथं. हात इतके सराईत होते की मला क्षणभर बरं वाटलं. आत आले, मी दिलेला चहा घेतला, पेपरवरून नजर फिरवली, गाडी पुसायचं फडकं उचललं आणि बाहेर गेले. फडकं बॉनेटवर ठेवलं. चाकाकडे पाहिलं. आणि पुन्हा डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले.

मी बाहेर गेले. "बाबा, काय करून राहिले तुमी?"

"हवा थोडी कमी करून राहिलो. उन्हाळा लागला ना."

"काहून पण?"

"काहून म्हणजे? डांबर तापते, हवा फुगते, टायर फुटते. आमच्या गॅरेजचा फोरमन सांगे, एप्रिल लागला का दोन पॉइंट कमी. चार मोजले का दोन पॉइंट जाते." बाबा हसले. "एवढ्या वर्साच्या नोकरीत माह्या जीपचा एक टायर फुटला नाही."

हे आमच्याकडे अर्धे ड्रायव्हर करतात. टायरवाला सांगतो की उलटं आहे, कमी हवेचा टायर जास्त घासतो आणि जास्त तापतो. पण बाबांचा नियमही उन्हाळ्यात एकदाच हवा काढायचा होता. एकदा काढून सोडली असती तर बत्तीस राहिली असती आणि मला आयुष्यात कळलं नसतं.

"पण बाबा, आता काढली ना तुमी? चहाच्या आधी?"

"नाही वं. आता त आलो मी बाहेर."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट काळं झालं होतं. ते काळं बोट त्यांनी दुसऱ्या हातानं पुसलं, पुन्हा पाहिलं, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी चोरून त्यांच्या हाताला लावलं असावं. मी म्हटलं, "काल काढली असन, माहाच घोळ झाला." ते लगेच मान डोलवत म्हणाले, "तेच त."

माझी डायरी मी त्या दिवशी ऑफिसात उघडली. पस्तीस, एकतीस, सत्तावीस. मी गाडीचं दुखणं लिहीत होते असं मला वाटत होतं. दर सोमवारी ते एप्रिल लागला असं समजून हवा काढत होते, आणि दर मंगळवारी एप्रिल त्यांच्यासाठी नव्यानं लागत होता.

त्यावर मी काय केलं, ते सांगायला मला लाज वाटते. मी भावाला सांगितलं नाही. डॉक्टरकडेही नेलं नाही. कागदावर काही लिहून आलं असतं तर ते दाखवावं लागलं असतं, आणि सहाच्या आत घरी येण्याच्या आमच्या सौद्याला मग अर्थ उरला नसता. प्रश्न संध्याकाळचा राहिला नसता, सबंध दिवसाचा झाला असता. पुढच्या आठवड्यात नेऊ, असं मी सहा आठवडे म्हणत होते. बाबांना एकदा सांगून पाहिलं की हवा काढू नका. "बरं, नाही काढत," म्हणाले, आणि सकाळी चाकाशी बसले. तेव्हा मी गाडीच्या सॉकेटवर चालणारा एक छोटा पंप आणि एक गेज घेतलं. रोज सकाळी बाबा हवा काढायचे, मी हसत निरोप घ्यायचे, रिंगरोडच्या अलीकडच्या कडुनिंबाखाली गाडी थांबवायचे आणि चारही चाकांत परत चौतीस करायचे. घरी येताना पस्तीस किलोमीटर शिल्लक. वेळ पावणेसहा. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

शेजाऱ्यांची माफी मागायला गेले तर त्यांनी मला बसवून सरबत दिलं आणि केबलबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याऐवजी म्हणाले, "दुपारी मी डोकावत जाईन. ते झोपलेले असतात." ते खरंच डोकावायचे. या माणसाला मी चारचौघांत काय काय बोलले होते, ते रोज फाटकातून शिरताना आठवायचं.

मे संपता संपता नवतपा लागला, वर्षातले सगळ्यात जाळणारे नऊ दिवस. त्यातल्या दुसऱ्या सकाळी कडुनिंबाखाली गेज लावलं तर चौतीस. चारही चाकांत. मला वाटलं, गेज बिघडलं. दुसऱ्या दिवशीही चौतीस, तिसऱ्या दिवशीही. थांबायचं काम राहिलं नाही, दहा मिनिटं वाचली. घरी येताना आकडा सदतीस. मी खूश झाले. म्हटलं, ऐकलं शेवटी, लक्षात राहिलं त्यांच्या. चौथ्या दिवशी काटोलहून निघताना संत्र्याच्या बागांच्या मधल्या सरळ रस्त्यावर माझ्या लक्षात आलं की हवा काढू नका हे मी त्यांना महिन्यापूर्वी एकदाच सांगितलं होतं. ते लक्षात राहणं शक्य नव्हतं; हवा काढायचीच ते विसरले होते. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ बसून राहिले. एवढं बसूनही सहाच्या आत घरी पोचले.

पाचव्या सकाळी बाबा ओट्यावर नुसतेच बसले होते. खिशात कांदा नव्हता. मी म्हटलं, "बाबा, ऊन लई तापून राहिलं. टायरची हवा पाहता का जरा?"

ते उठले. मला आनंद झाला. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी गेले, पण बसले नाहीत. बुटाच्या टोकानं टायर दोनदा ठोकला, बरोबर जसा जुने ड्रायव्हर ठोकतात तसा. मग शर्टाची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला आणि गाडीचं मागचं दार उघडून सरळ उभे राहिले.

"हवा ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "बसा तुम्ही."

घरात बाबांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. साहेबांच्या बायकांशी ते असं साफ बोलायचे, तेही मी लहानपणी एखाद-दोनदाच ऐकलं होतं. दार धरलेला हात हलत नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत नव्हती तेवढी शांतता होती, आणि ती मोडायची माझी हिंमत झाली नाही. मी मागे बसले. त्यांनी दार हलक्या हातानं लावलं, पुढून वळसा घालून स्टेअरिंगवर जाऊन बसले, आरसा थोडा हलवला आणि कुठं जायचं ते मी सांगेन म्हणून थांबले. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी मागच्या सीटवरूनच भावाला फोन लावला.